तुमच्या चार काळपट नाण्यांविषयी: पोर्तुगालचा सैतील आणि त्याचा नाद

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लिस्बनला शिकणाऱ्या तुमच्या मुलीने तिथल्या जुन्या बाजारातून 'मध्ययुगीन पोर्तुगीज तांब्याची नाणी' म्हणून चार नाणी आणली. सगळी काळी पडली आहेत, एकावरही पूर्ण साल वाचता येत नाही, एक तर कात्रीने वेडेवाकडे कापल्यासारखे दिसते. ही खरी आहेत का, इतक्या झिजलेल्या नाण्यांमागे लोक का लागतात, आणि चिंचेने घासून ती उजळली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरणार नाही. चिंच नको, लिंबू-मीठ नको, भांडी घासायची पावडर तर मुळीच नको. जुन्या तांब्यावर जो काळा-तपकिरी किंवा गर्द हिरवा थर चढतो, त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. पाचशे वर्षांत अक्षरांची मूळ धातूची कड पुष्कळदा खाऊन गेलेली असते आणि अक्षराचा आकार फक्त त्या थरातच शिल्लक असतो. थर गेला की अक्षर गेले. मी नवशिका असताना एक सुंदर शिवराई चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवली होती. सकाळी हातात गुलाबी, गुळगुळीत चकती आली. 'छत्रपती'मधला 'छ' आदल्या संध्याकाळी स्पष्ट दिसत होता, तो कायमचा गेला. याला तीस वर्षे झाली, तरी ते नाणे मी वेगळ्या पाकिटात ठेवले आहे आणि नव्या मुलांना दाखवतो.

आता नाणी. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून चारही एका काळाची नाहीत. विकणाऱ्याने सरसकट 'मध्ययुगीन तांबे' म्हटले, पण त्या नावात दोन गोंधळ आहेत. ते सुटले की नाणी आपोआप आपापल्या जागी बसतील.

पहिला गोंधळ धातूचा. पोर्तुगालचे राज्य बाराव्या शतकात अफोंसो हेन्रिकिशने उभे केले. तेव्हापासून पुढची तीनेक शतके सामान्य माणसाच्या हातातले नाणे शुद्ध तांब्याचे नव्हतेच. ते होते बिलनचे, म्हणजे पुष्कळ तांबे आणि त्यात थोडी चांदी. त्या नाण्याचे नाव दिन्येरु. बारा दिन्येरुंचा एक सोल्दु आणि वीस सोल्दुंची एक लिव्र, असा हिशेब असे. पण सोल्दु आणि लिव्र ही वहीतली नावे. खिशात असे तो दिन्येरु. त्याचा अर्धा भाग म्हणजे मेआल्या, आणि अर्धा हवा असला तर लोक सरळ नाणे कापून दोन तुकडे करत. आजही पोर्तुगीजमध्ये पैसे साठवायच्या गल्ल्याला 'मेआल्येरु' म्हणतात. नाणे गेले, नाव त्या गल्ल्यात राहिले.

तुमचे सर्वात लहान, पातळ, जेमतेम नखाएवढे नाणे हा असा दिन्येरु आहे. एका बाजूला क्रूस, क्रूसाच्या कोपऱ्यांत तारे. दुसऱ्या बाजूला पाच छोट्या ढाली, त्याही क्रूसासारख्या मांडलेल्या. या पाच ढाली म्हणजे पोर्तुगालचे राजचिन्ह, ते त्यांच्या आजच्या झेंड्यावरही आहे. तुमच्या नाण्यावर 'आल्फ' अशी सुरुवात दिसते, म्हणजे राजा अफोंसो. पण कोणता? तिसरा (१२४८ ते १२७९) की चौथा (१३२५ ते १३५७)? या नावाच्या दिन्येरुंची वाटणी हा पोर्तुगीज संग्राहकांमधला जुना वाद आहे. पुढची अक्षरे कामाला येतात. 'आल्गार्बी' वाचता आले तर राजा स्वतःला अल्गार्वेचाही राजा म्हणवतो आहे, आणि दक्षिणेकडचा तो प्रदेश पोर्तुगालच्या पूर्ण ताब्यात आला तो १२४९ मध्ये फारो जिंकल्यावर. तिरप्या उजेडात भिंगाखाली धरून ती अक्षरे शोधा. नाण्याला हात लावताना कडेने धरा. पाऊण ग्रॅमचे पातळ पान आहे ते, बोटाच्या दाबाने मोडते.

दुसरा गोंधळ काळाचा. तुमचे चौथे नाणे, जाड, बऱ्यापैकी गोल, वेलीच्या चक्रात रोमन 'एक्स' (दहा) आकडा असलेले, हे मध्ययुगाचे नाहीच. तो दहा रेइश आहे (रेइश हे तिथले जुने चलन), अठराव्या शतकातला, राजा दोम जुआंव पाचव्याच्या काळचा. कडेने 'उतिलिताती पुब्लिके' असे लॅटिन शब्द आहेत, म्हणजे 'लोकांच्या उपयोगासाठी'. सालातले '१७' तुम्हालाही दिसेल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनच्या टाकसाळीत स्क्रूचे दाबयंत्र आले आणि नाणी गोल, एकसारखी होऊ लागली. त्याआधीचे प्रत्येक नाणे हातोड्याचे. म्हणून 'मध्ययुगीन' म्हणून कुणी अगदी गोल, कड नीट असलेले तांबे दाखवले तर तिथेच थांबायचे. तुमच्या मुलीला कुणी मुद्दाम फसवले असे मला वाटत नाही. जुन्या बाजारात डबाभर नाणी एकाच नावाखाली विकतात, एवढेच. नाणे चांगले आहे, ठेवून द्या.

उरली मधली दोन, आणि मला खरे बोलायचे आहे ते याच दोघांविषयी. किल्ला असलेली, वेडीवाकडी. हे सैतील.

सैतील म्हणजे रियाल या पोर्तुगीज नाण्याचा सहावा हिस्सा. नावाची व्युत्पत्ती कुणी 'सहावा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून लावतात, कुणी सेउता या गावाच्या नावापासून. सेउता हे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या आफ्रिकेकडच्या काठावरचे बंदर. २१ ऑगस्ट १४१५ रोजी दोम जुआंव पहिल्याने ते जिंकले. पोर्तुगालचा समुद्रापारचा पसारा मोजायचा तर तिथपासून मोजतात. सैतीलच्या एका बाजूला तीन बुरुजांचा किल्ला आणि त्याच्या पायाशी लाटा असल्यामुळे जुन्या पिढीतले अभ्यासक म्हणत की सेउता जिंकल्याच्या आठवणीसाठी जुआंव पहिल्यानेच हे नाणे पाडले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण नाण्यांवर तिला आधार मिळत नाही. आज सगळे कॅटलॉग सैतीलची सुरुवात त्याचा नातू दोम अफोंसो पाचवा (१४३८ ते १४८१) याच्यापासून धरतात. त्यानंतर जुआंव दुसरा, मानुएल, जुआंव तिसरा आणि शेवटी सेबास्तियांव, अशा पाच राजांच्या नावाने हे नाणे चालले. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षे.

त्या काळात शुद्ध तांब्याचे नाणे पाडणे ही साधी गोष्ट नव्हती. मध्ययुगातल्या युरोपात नाण्यात किंचित का होईना चांदी हवी, असा लोकांचा समज होता. चांदीशिवाय नाण्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. पण चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपभर चांदीची टंचाई सुरू झाली. पोर्तुगालमध्ये तर त्याआधीच राजा फर्नांदोने शेजारच्या कास्तील राज्याशी तीन युद्धे केली होती आणि त्यांच्या खर्चापायी नाण्यांतली चांदी भराभर कमी केली होती. त्याच्या मागून १३८५ मध्ये आल्जुबारोताच्या लढाईने गादी मिळवलेल्या जुआंव पहिल्याने तेच पुढे चालवले. मग 'पांढरा रियाल' आणि 'काळा रियाल' अशी दोन नाणी आली. दहा काळ्यांचा एक पांढरा. काळ्याला काळा म्हणत, कारण त्यात चांदी नावापुरती होती आणि हाताळून तो काळा पडे. सैतील आला तो या काळ्या रियालच्या पाठोपाठ. चांदीचे सोंगच सोडून दिले, सरळ तांबे. नेपल्समध्ये शुद्ध तांब्याचा 'काव्हालो' निघाला तो १४७२ मध्ये. पोर्तुगालचा सैतील त्याच्याही आधीचा. पश्चिम युरोपातल्या त्या काळच्या पहिल्या शुद्ध तांब्याच्या नाण्यांत त्याचा मान आहे, आणि तो मान त्याला पोर्तुगालबाहेर फारसा कुणी देत नाही, याचे मला वाईट वाटते.

तुमचे दुसरे नाणे अफोंसो पाचव्याचे आहे, असे मी कशावरून म्हणतो? मागच्या बाजूची ढाल पाहा. ढालीच्या चारही बाजूंनी फुलासारखी टोके बाहेर डोकावतात. तो आवीश या तेव्हाच्या राजघराण्याचा क्रूस, त्याच्यावर ढाल ठेवलेली आहे. ढालीतल्या पाच छोट्या ढालींपैकी डाव्या-उजव्या दोन आडव्या पडलेल्या आहेत, टोके आत वळलेली. १४८५ मध्ये जुआंव दुसऱ्याने राजचिन्ह सुधारले. आवीशचा क्रूस काढला, आडव्या ढाली उभ्या केल्या. त्यानंतरच्या नाण्यांवर त्या उभ्याच असायला हव्यात. तुमच्या तिसऱ्या नाण्यावर त्या उभ्या आहेत, क्रूस नाही, आणि कडेला 'एमान' दिसते. म्हणजे मानुएल (१४९५ ते १५२१), ज्याच्या नावाने वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तो. पुढे 'जी' वाचता आला तर तो गिनीचा 'ग' आहे. 'पोर्तुगाल आणि अल्गार्वेचा राजा, गिनीचा स्वामी' असा तो लेख. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हक्क आणि लिस्बनच्या भाजीबाजारातली सगळ्यात हलकी मोड, दोन्ही एकाच चकतीवर.

पण फक्त ढालीवर विसंबू नका. ठसे कोरणारे कारागीर घाईत असत, ढाल कधी अर्धवट कोरत, कधी नाणे सरकून पडे आणि ढालीची एक बाजू चकतीबाहेरच जाई. लेख, ढाल, किल्ला, अक्षरांची घडण, वजन, अशी चार-पाच गोष्टींची साक्ष जुळली की राजा ठरवायचा.

आता तुमचा खरा प्रश्न: याचा नाद का लागतो?

मराठी माणसाला मी हे शिवराईवरून समजावतो, कारण दोन्हींचा स्वभाव अगदी सारखा आहे. शिवराई ज्याने हाताळली आहे त्याला ठाऊक असते की पूर्ण 'श्री राजा शिव' आणि पूर्ण 'छत्रपती' एकाच नाण्यावर मिळणे दुर्मीळ. ठसा मोठा, चकती लहान. कुठे 'श्री' कापलेला, कुठे 'ती' बाहेर गेलेला. प्रत्येक नाण्यावर वाक्याचा वेगळा तुकडा. आणि अक्षरांच्या वळणांत, ठिपक्यांच्या मांडणीत इतके प्रकार की आयुष्यभर जमवले तरी नवा प्रकार निघतोच. सैतील तसाच. तांब्याचा पत्रा, त्यातून कातरीने कापलेले तुकडे, खाली एक ठसा, वर एक ठसा आणि हातोडा. तुमचे तिसरे नाणे वेडेवाकडे दिसते ते त्यामुळे, कुणी नंतर कापले म्हणून नव्हे. व्यास दोन सेंटिमीटरच्या आसपास, वजन कधी दीड ग्रॅम, कधी दोनच्या पुढे. कारण इतक्या हलक्या नाण्याचे वजन एकेक करून तपासायला टाकसाळीला परवडत नसे.

हातोड्याच्या माऱ्याने ठसे लवकर फुटत. मग नवा ठसा. नवा ठसा म्हणजे नवा किल्ला. आणि म्हणून सैतीलचे किल्ले पाहण्यासारखे आहेत. कुठे बुरुज उंच, टोकाशी निमुळते. कुठे बसके, जणू रांजण. कुठे मधल्या बुरुजाला खिडकी, कुठे नुसता दरवाजा. पाणी तर दर नाण्याला वेगळे: कुठे खाली नागमोडी रेषा, कुठे लाटा किल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढलेल्या, कुठे पाणी म्हणजे नुसत्या ठिपक्यांच्या ओळी. लेखातले शब्द तोडायला कुठे ठिपका, कुठे छोटी वर्तुळे, कुठे क्रूस. 'एन' उलटा कोरलेला तर वरचेवर सापडतो. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत असेल असे मला वाटत नाही, आणि समोरच्या नमुन्यावरून तो उतरवत असावा. पण समुद्र त्याने रोज पाहिलेला होता. लिस्बनच्या तेजू नदीच्या काठावर भरतीच्या वेळी उभे राहिलो तेव्हा पाण्याचे ते छोटे, टोकदार, एकामागे एक येणारे कंगोरे पाहून मला माझ्या पेटीतले सैतील आठवले.

पोर्तुगीज संग्राहकांनी या प्रकारांची वर्गवारी दशकानुदशके केली आहे. बुरुज, पाणी, ढाल, चिन्हे, लेखाची फोड, सगळ्यांच्या याद्या आहेत. लिलावात तुम्हाला अल्बेर्तो गोमिश यांच्या कॅटलॉगचे क्रमांक दिलेले दिसतील, ते राजा आणि मुख्य प्रकार ठरवायला पुरतात. त्यापुढचे बारकावे मात्र स्वतःच पाहावे लागतात. आणि हाच माणूस अडकण्याचा बिंदू आहे. सोन्याचे 'क्रुझादु' किंवा मानुएलचे प्रचंड 'पोर्तुगेज' आपल्यासारख्यांनी फक्त संग्रहालयाच्या काचेतून पाहायचे. त्यांचे प्रकार मोजून झालेले आहेत, मालक ठरलेले आहेत. झिजलेला सैतील एका साध्या जेवणाच्या पैशात मिळतो, आणि त्या एका जेवणाच्या पैशात कुणी न नोंदवलेला ठसा तुमच्या हातात येण्याची शक्यता खरोखर असते. माझ्याकडे असा ठसा आला आहे. आठवडाभर याद्या चाळल्या, ओळखीच्या दोन जाणकारांना फोटो पाठवले आणि दोघांनीही 'हा पाहिला नव्हता' म्हटले, त्या दिवसाचा आनंद कुठल्याही किमतीत मोजता येत नाही.

दुसरी ओढ माणसांची आहे. पोर्तुगीजमध्ये 'एक सैतीलही लायकी नाही' असे म्हणतात, आपण जसे 'फुटकी कवडीही देणार नाही' म्हणतो. सगळ्यात खालचे नाणे. सोने सावकाराच्या पेटीत आणि राजाच्या खजिन्यात राहिले, सैतील पाव घेताना, मासळी घेताना, दान टाकताना फिरला. तुमच्या नाण्यांवरची झीज ही त्या बोटांची झीज आहे. आणि तो सैनिकांबरोबर गेला. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर क्सार अस-सगीर नावाचे ठाणे आहे, पोर्तुगीज त्याला अल्कासर सेगेर म्हणत. १४५८ मध्ये अफोंसो पाचव्याने ते घेतले आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीजांनी ते सोडले. तिथल्या उत्खननात सैतील मोठ्या संख्येने मिळाले. घरापासून लांब, तटाच्या आत कोंडलेल्या शिपायांची ही मोड. लिस्बन आणि पोर्तोखेरीज खुद्द सेउतामध्येही टाकसाळ होती, आणि सेउताचे 'सी' अक्षर स्पष्ट असलेला अफोंसोचा सैतील हा कुठल्याही संग्रहाचा दागिना आहे. तुमच्या दुसऱ्या नाण्यावर किल्ल्याच्या आसपास असे अक्षर आहे का, हे फोटोत कळत नाही. शोधाच.

आपल्याकडचा दुवाही इथे खरा आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकेर्कने गोवा कायमचे घेतले. त्याच वर्षी, पहिल्यांदा गोवा हाती आले असताना, त्याच्या बाजूचा स्थानिक सरदार तिम्मय्या आणि गावच्या मुख्य मंडळींनी त्याला सांगितले की बाजारात मोडीची टंचाई आहे, व्यवहार अडतो आहे. त्याने टाकसाळ घातली. सोन्याची, चांदीची आणि तांब्याचीही नाणी पाडली. तांब्याच्या नाण्यांची नावे 'लियाल' आणि 'दिन्येरु'. म्हणजे तुमच्या पहिल्या छोट्या नाण्याचे नाव गोव्यातल्या मांडवीच्या काठावर येऊन पोहोचले. पुढे गोव्यात 'बाझारुकु' हे हलके नाणे रुळले. त्याच्या एका प्रकारावर संत कॅथरीनचे चाक असते, कारण गोवा पडले तो तिच्या सणाचा दिवस होता. इंग्रजांनी त्याच नावाचे 'बजरूक' केले आणि मुंबईत स्वतः बजरूक पाडलेही. ही नाणी गोव्यात आणि कोकणात आजही निघतात. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जर्सन द कुन्हा यांनी एकोणिसाव्या शतकात या इंडो-पोर्तुगीज नाण्यांचा पहिला नेटका अभ्यास केला, आणि आम्ही सगळे त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच चालतो.

तांबे स्वतः कुठून आले, हेही लक्षात ठेवण्यासारखे. पोर्तुगालमध्ये ते पुरेसे नव्हते. मध्य युरोपातल्या खाणींचे तांबे अँटवर्पमार्गे येई, आणि त्यातले पुष्कळ जहाजाचे तळभार होऊन भारतात जाई, कारण इथे मिरीच्या बदल्यात तांबे लागे. २००८ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर हिऱ्यांच्या खाणीत काम करताना एक जुने जहाज सापडले. ते १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेले 'बोम जेझुश' असावे असे मानतात. दोन हजारांवर सोन्याच्या नाण्यांची बातमी जगभर झाली, पण त्यात सोळा-सतरा टन तांब्याच्या लाद्याही होत्या, फुग्गर या जर्मन सावकार घराण्याच्या त्रिशूळाची खूण असलेल्या. मला त्या बातमीत सोन्यापेक्षा या लाद्या महत्त्वाच्या वाटल्या. सैतील आणि आपल्याकडची तांब्याची नाणी एकाच व्यापाराच्या दोन टोकांना उभी आहेत, हे त्या लाद्यांनी डोळ्यांपुढे आणले.

आता व्यवहाराचे. तुमची तिन्ही जुनी नाणी मला फोटोवरून खरी वाटतात. सैतीलची नक्कल करून फारसे कुणाला काही मिळत नाही, हा त्याचा आणखी एक गुण. तरीही पुढे घ्याल तेव्हा कड पाहा. ओतीव नकलेच्या कडेला बारीक शिवण असते, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि अक्षरे साबणासारखी गुळगुळीत उतरतात. एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी अगदी एकाच आकाराची, एकाच ओरखड्यासकट दिसली तर दोन्ही सोडा. नकलेपेक्षा चुकीचे नाव हा मोठा धोका. कास्तीलच्या नाण्यांवरही किल्ला असतो, पण दुसऱ्या बाजूला सिंह निघाला की समजायचे, हे शेजारच्या राज्याचे. पिवळसर पातळ पितळी चकत्या, त्यांवर राजगोल (राजाच्या हातातला गोळा) आणि क्रूस, या बहुधा न्यूरेंबर्गच्या हिशेबाच्या सोंगट्या. त्या नाणी नाहीतच. व्यापारी पटावर आकडेमोड करायला त्या वापरत.

नाणे कुठून आले हेही विचारा. पोर्तुगालमध्ये परवान्याशिवाय धातुशोधक यंत्र घेऊन जुन्या जागा खणणे कायद्याने बंद आहे. 'शेतात कालच मिळाले' असे कुणी अभिमानाने सांगितले तर मी ते नाणे घेत नाही. जमिनीतून उपटलेल्या सैतीलबरोबर तो कुठल्या थरात, कशाशेजारी होता ही माहिती कायमची जाते. मुलीला म्हणावे, फैरा द लाद्राच्या मंगळवार-शनिवारच्या बाजारात हिंडायला हरकत नाही, पण पावती देणाऱ्या जुन्या दुकानातून घेतलेले बरे. आणि सवड काढून तिने लिस्बनचे पैशाचे संग्रहालय जरूर पाहावे. साव ज्युलियांव नावाच्या जुन्या चर्चच्या इमारतीत ते आहे, आणि तळघरात राजा दिनीशने तेराव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या तटाचा तुकडा जागच्या जागी जपला आहे. दिन्येरु आणि तो तट एकाच काळाचे. आणखी एक गोष्ट: शंभर वर्षांवरचे नाणे आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. एकदा तुमच्याकडे रत्नागिरीला आलेली नाणी आता इथेच राहतील असे धरून चला.

कोकणची हवा तांब्याला वाईट. काळा थर चांगला, चकाकता गर्द हिरवाही चांगला. पण फिकट, भुसभुशीत, नखाने खरवडला तर पावडर होणारा हिरवा ठिपका दिसला तर तो रोग आहे. क्षार आणि ओल मिळून धातू आतून खातात आणि शेजारच्या नाण्यालाही लागण होते. असे नाणे लगेच वेगळे करा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, काही आठवडे. मग पूर्ण वाळवा, म्हणजे खरोखर पूर्ण, मऊ कापडाने टिपून आणि दिव्याच्या उबेत. मळ काढायचा तर बांबूची काडी, तीही ओली करून. लोखंडी टाचणी कधीच नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत तांबे ठेवू नका, ते चिकट हिरवे होते. नव्या प्लायवूडची पेटीही नको. साधी कागदी पाकिटे, घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदललेल्या.

तुमच्या प्रत्येक नाण्याचे वजन सोनाराकडच्या काट्यावर शंभराव्या हिश्शापर्यंत घ्या आणि लिहून ठेवा. फोटो काढताना दिवा वरून नको, एका बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा, म्हणजे अक्षरांची सावली पडते. चारही दिशांनी एकेक फोटो. दुसऱ्या नाण्याच्या दरवाजाखाली मला पाण्याच्या तीन रेषा मोजता आल्या, पण डाव्या कडेला मळाखाली चौथी असावी असे वाटते. ती आहे की नाही आणि किल्ल्याशेजारी 'सी' आहे का, एवढे आधी पाहून कळवा.